सेवाही शिकावी लागते

घरात बाळ यायचं असलं की सल्ल्यांचा नुसता पूर लोटतो. डिंकाचे लाडू कधी करायचे, शेक-शेगडी किती दिवस, बाळगुटीचे वेढे किती, टाळू कशी भरायची, हे सांगायला आजी असते, मावशी असते, शेजारच्या काकू असतात, मालिश करणारी बाई असते. डॉक्टर लसींचं कार्ड हातात देतात, वजन कधी करायचं ते लिहून देतात. त्याच घरातलं एखादं म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की मात्र सगळे एकदम गप्प होतात. त्याला कुशीवर कसं वळवायचं, घास भरवताना मान कशी ठेवायची, रात्री-अपरात्री ते घाबरून ओरडू लागलं तर काय बोलायचं, कुणालाच ठाऊक नसतं. आणि ठाऊक नाही, हेही कुणी बोलून दाखवत नाही. कारण वृद्धांची सेवा हे शिकण्याचं काम आहे, असं आपल्याकडे मानलेलंच नाही. ते सुनेला उपजतच येतं, अशी सर्वांची पक्की समजूत!

नाशिकमधल्या एका मध्यमवर्गीय कुटुंबाचीही हीच समजूत होती. ती मोडायला तीन वर्षं लागली आणि त्याची किंमत घरातल्या सर्वांना मोजावी लागली.

जखम आणि पाटल्या

आजी ८१ वर्षांच्या. पहाटे न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, दहाव्या दिवशी घरी आणलं. सूनबाई घरीच दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेत असत. त्या त्यांनी ‘महिनाभरासाठी’ म्हणून बंद केल्या. पुढे तो महिना कधी संपलाच नाही. मुलगा बँकेत, नातू पुण्याला नोकरीत, नात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. म्हणजे दिवसभर घरात सासू आणि सून, दोघीच.

सूनबाईंनी हयगय मुळीच केली नाही. वेळेवर मऊ भात, वेळेवर औषधं, रोज अंग पुसून धुतलेलं पातळ. तरीही तीन आठवड्यांत आजींच्या माकडहाडावर एक लाल डाग उमटला. त्यावर पावडर लावली, हळद लावली. आठवड्याभरात त्याची जखम झाली. ड्रेसिंगसाठी सिस्टर घरी यायला लागल्या, तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, ‘‘रात्री यांना कुशीवर कोण वळवतं?’’

सूनबाई म्हणाल्या, ‘‘रात्री त्या शांत झोपतात, म्हणून हलवत नाही.’’

सिस्टरनी दोन उशा मागवल्या. पाठीशी एक, गुडघ्यांच्या मध्ये एक लावून आजींना अर्धवट कुशीवर कसं ठेवायचं ते दाखवलं. टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली चादरीची घडी दिली. दर दोन तासांनी कूस बदलायची, असं सांगून वहीच्या पानावर तक्ता आखून दिला. हवेची गादी आणायला सांगितली. जाताना म्हणाल्या, ‘‘ताई, तुमचं काही चुकलं नाही. तुम्हाला हे कुणी सांगितलंच नव्हतं.’’

जखम भरायला अडीच महिने गेले. पण त्याहून खोल जखम पुढे व्हायची होती. आजींना आठवेनासं झालं. आधी वार, मग नावं. एके दिवशी इंदूरहून आलेल्या लेकीला त्यांनी जवळ बसवून सांगितलं, ‘‘हिनं माझ्या पाटल्या माहेरी नेऊन दिल्या.’’ पाटल्या बँकेच्या लॉकरमध्ये होत्या आणि तिथे त्या आजींनीच ठेवायला लावल्या होत्या. पण लेकीच्या डोळ्यांत क्षणभर जी शंका चमकली, ती सूनबाईंनी पाहिली. त्या दिवसापासून त्यांनी सासूशी कामापुरतं बोलणं ठेवलं. ताट समोर ठेवायचं, औषध द्यायचं आणि बाहेर यायचं. जवळजवळ दीड वर्ष असं चाललं.

पुढे एका वृद्धरोगतज्ज्ञांनी आजींना तपासलं. साध्या साध्या प्रश्नांची चाचणी घेतली आणि घरच्यांना समोर बसवून सांगितलं, की हा स्मृतिभ्रंश आहे. वस्तू ठेवल्याची आठवण पुसली जाते, मग ती कुणीतरी नेली असणार, असा अर्थ मेंदू स्वतःच लावतो. आरोप बहुधा त्याच माणसावर होतो, जे दिवसभर जवळ असतं. वाद घालून उपयोग नाही. ‘आपण मिळून शोधू’ म्हणायचं आणि हळूच मन दुसरीकडे वळवायचं.

घरी परत येताना रिक्षात सूनबाई रडल्या. ‘‘दीड वर्ष मी त्यांच्या आजारावर रागावले होते,’’ एवढंच त्या म्हणाल्या. नात शेजारीच बसली होती. आपण पुढे काय शिकायचं, हे तिच्या मनात त्या रिक्षात ठरलं.

‘आईनं कुठली पदवी घेतली होती?’

नातीनं घरी सांगितलं, की तिला वृद्धांच्या देखभालीशी संबंधित पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं आहे. तिच्या वडिलांना आधी ती थट्टाच वाटली. बी.एड. कर, बँकेच्या परीक्षा दे, नाहीतर एम.बी.ए. कर, असं त्यांचं म्हणणं. ‘‘म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला पदवी कशाला लागते? तुझ्या आईनं कुठली पदवी घेतली होती?’’

‘‘तेच तर म्हणतेय मी, बाबा,’’ ती म्हणाली.

आत्यांनी इंदूरहून फोनवर वेगळीच काळजी व्यक्त केली. ‘‘लग्नाच्या बाजारात काय सांगणार? मुलगी म्हाताऱ्यांचं करते म्हणून?’’

वाद तीन-चार दिवस चालला. शेवटी इतके दिवस काहीच न बोललेल्या आई बोलल्या, ‘‘अहो, मी केलं ते मनापासून केलं. पण मन होतं, माहिती नव्हती, म्हणून आईंच्या पाठीला जखम झाली. माहिती नव्हती, म्हणून मी दीड वर्ष त्यांच्याशी धड बोलले नाही. तिला शिकू द्या.’’

हे शास्त्र जुनंच आहे

वृद्धांची देखभाल हे शास्त्र आहे, हा शोध काही आजचा नाही. इंग्लंडमध्ये १९३५ साली डॉ. मार्जोरी वॉरेन यांच्याकडे एका अनाथालयवजा जुन्या रुग्णालयाचा ताबा आला. तिथे सातशेहून अधिक रुग्ण होते आणि त्यांतले कित्येक वर्षानुवर्षं अंथरुणात पडून होते. ‘आता यांचं काही व्हायचं नाही,’ असं सर्वांनी गृहीत धरलं होतं. वॉरेन यांनी प्रत्येकाला नव्यानं तपासलं, आजारांनुसार वेगवेगळं केलं, पलंगावरून उठवलं, चालायला लावलं. खोल्यांना चांगला रंग आणि उजेड दिला. त्यांतले बरेच जण पुन्हा हिंडूफिरू लागले, काही तर आपापल्या घरी गेले. म्हातारपण हाच आजार मानून माणसाला पाडून ठेवलं, तर तो आजार आपणच वाढवतो, हे त्यांनी दाखवून दिलं. आज वृद्धवैद्यक या शाखेच्या जननी म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

आपल्या देशाला तर या शास्त्राची निकड दिवसेंदिवस वाढते आहे. २०११च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरची माणसं सुमारे १० कोटी ३८ लाख होती. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधी आणि मुंबईतल्या देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांनी २०२३मध्ये काढलेल्या अहवालानुसार २०५०पर्यंत देशातला दर पाचवा माणूस साठीच्या पुढचा असेल. २०२३मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज मांडला गेला. म्हणजे पाटल्यांचा तो प्रसंग किती घरांत, किती भाषांत घडत असेल!

वाटा कोणत्या?

नातीनं पुढचे दोन महिने माहिती गोळा करण्यात घालवले. तिला पहिली गोष्ट कळली ती ही, की या क्षेत्राला एकच एक दार नाही. आपण आधी काय शिकलो आहोत, त्यावर दार ठरतं.

डॉक्टर झालेल्यांसाठी वाट सरळ आहे. एम.बी.बी.एस.नंतर वृद्धवैद्यकात एम.डी. करता येतं. चेन्नईच्या मद्रास मेडिकल कॉलेजनं हा अभ्यासक्रम देशात प्रथम १९९६मध्ये सुरू केला. त्यामागे डॉ. व्ही. एस. नटराजन यांची चिकाटी होती. दिल्लीच्या ‘एम्स’मध्येही या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. नोकरी सांभाळून शिकू पाहणाऱ्या एम.बी.बी.एस. डॉक्टरांसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठानं वृद्धवैद्यकातली पदव्युत्तर पदविका आखली. २०१०-११मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या वृद्ध आरोग्य कार्यक्रमात देशभरात जी विभागीय केंद्रं निवडली गेली, त्यांत मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालयही होतं.

परिचर्येचं शिक्षण घेतलेल्या मुलींसाठी भारतीय परिचर्या परिषदेनं वृद्ध परिचर्येची पदविका आखलेली आहे. आजींच्या पाठीची जखम ज्या ज्ञानानं भरली, ते हेच. फिजिओथेरपीच्या पदवीधरांना पदव्युत्तर अभ्यासात समाजातल्या, विशेषतः वृद्ध आणि अपंग रुग्णांकडे वळता येतं. ऑक्युपेशनल थेरपी हे त्याचंच भावंड. चहाचा कप धरणं, सदऱ्याची बटणं लावणं, न्हाणीघरात सुरक्षित वावरणं, अशा रोजच्या गोष्टी माणसाला पुन्हा स्वतःच्या स्वतः करता याव्यात, यासाठीचं हे शास्त्र. भारतातली त्याची पहिली शाळा मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५०मध्ये निघाली. ती काढणाऱ्या कमलाबाई निंबकर जन्मानं अमेरिकन आणि लग्नानं महाराष्ट्राच्या सूनबाई होत्या!

आकडेमोडीची आवड असणाऱ्यांनाही इथे जागा आहे. देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेत पदव्युत्तर अभ्यास करता येतो. याच संस्थेनं परदेशी विद्यापीठांच्या साथीनं २०१७-१८मध्ये पंचेचाळिशीपुढच्या बहात्तर हजारांहून अधिक भारतीयांची पाहणी केली. त्यांची तब्येत, उत्पन्न, कुटुंब, एकटेपण, सारं त्यात नोंदलं गेलं. पेन्शन किती द्यावी, दवाखाने कुठे काढावेत, हे ठरवायला अशा पाहण्याच उपयोगी पडतात.

पण कला, वाणिज्य किंवा विज्ञान शाखेच्या साध्या पदवीधराचं काय? नातीचा प्रश्न हाच होता. तिच्यासमोर मुख्यतः तीन पर्याय आले. पहिला, मानसशास्त्रात एम.ए. करून पुढे समुपदेशनाकडे वळणं. मात्र रुग्णांवर मानसोपचार करायचे, तर त्यापुढे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं प्रशिक्षण घ्यावं लागतं. दुसरा, वृद्धत्वशास्त्राची पदविका. दिल्लीच्या राष्ट्रीय समाजरक्षा संस्थेनं वृद्धांच्या एकात्मिक देखभालीचे वर्षभराचे पदव्युत्तर आणि काही महिन्यांचे लहान अभ्यासक्रम आखले आहेत. कोलकात्यातही १९८८पासून या विषयाला वाहिलेली संस्था आहे. तिसरा पर्याय म्हणजे समाजकार्यातली दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, एम.एस.डब्ल्यू. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६पासून, निर्मला निकेतन १९५५पासून आणि पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था १९६३पासून समाजकार्य शिकवत आल्या आहेत.

परदेशचाही एक विचार तिच्या मनात डोकावला. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७५पासून वृद्धत्वशास्त्राचं स्वतंत्र महाविद्यालयच आहे. पण तिथला खर्च पाहून तिनं तो कागद घडी घालून ठेवला. शिवाय तिला ज्या घरांत काम करायचं होतं, ती घरं इथलीच होती.

नावापेक्षा काम पाहा

एम.एस.डब्ल्यू. निवडण्यामागे तिचं साधं गणित होतं. पदवीला सर्वत्र मान्यता, आणि वर्गाइतकंच महत्त्व प्रत्यक्ष कामाला. पण त्यातही तिनं एक शहाणपण केलं. महाविद्यालयात प्रवेश घेण्याआधी तिनं तिथल्या जुन्या विद्यार्थिनींना गाठून विचारलं, की प्रत्यक्ष कामासाठी कुठे पाठवतात, वृद्धांच्या संस्थेत काम मागून मिळतं का, देखरेख कोण करतं? या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या प्रत्येकानं हे विचारायलाच हवं. मागणी वाढली की दुकानं वाढतात. दोन खोल्यांत वर्ग भरवून आकर्षक नावाची प्रमाणपत्रं देणारेही भेटतात. विद्यापीठाची किंवा संबंधित परिषदेची मान्यता आहे का, दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम असेल तर त्याला चालू वर्षाची मंजुरी आहे का, आणि खऱ्या माणसांसोबत किती तास काम करायला मिळणार, एवढं पाहिल्याशिवाय फी भरू नये. प्रवेशाचे नियम बदलतात, तेव्हा ते त्या त्या संस्थेकडूनच समजून घ्यावेत.

पुढे काम कुठे मिळतं? वृद्धांसाठी झटणाऱ्या संस्था आता मोठ्या शहरांत तरी आहेत. हेल्पएज इंडिया १९७८पासून, मुंबईचं डिग्निटी फाउंडेशन १९९५पासून काम करत आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी केरळमध्ये १९९२मध्ये सुरू झालेली संघटना देशभर पसरली. याशिवाय रुग्णालयं आहेत, घरपोच सेवा देणाऱ्या कंपन्या आहेत, वृद्धनिवास आहेत. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठीच्या २००७च्या कायद्यात मुलं आणि पालक यांच्यात सलोखा घडवणाऱ्या अधिकाऱ्याचीही तरतूद आहे. प्रशिक्षित समाजसेवकाचं हे कामच.

मात्र गुलाबी चित्र रंगवण्यात अर्थ नाही. सुरुवातीचा पगार बेताचाच असतो. ज्यांच्याशी जीव जडतो ती माणसं एकेक करून जातात. आणि काम संपवून घरी आलं, तरी मन तिथेच राहतं. नातीला हे पहिल्याच वर्षी उमगलं. वृद्धांसाठीच्या दिवसभराच्या केंद्रात ती आठवड्यातून दोन दिवस जाऊ लागली. तिथे येणाऱ्या एका निवृत्त हेडमास्तरांना तिनं कॅरम खेळायला बसवायची सवय लावली आणि दिवाळीनंतर केंद्र उघडलं तेव्हा ते नव्हते. त्या दिवशी ती घरी येऊन जेवली नाही. रडायला हरकत नाही, पण दुसऱ्या दिवशी कामावर जायचं, हेही त्या शिक्षणातच शिकवतात.

त्याच केंद्रात तिला आणखी एक गोष्ट दिसली. आईवडिलांना सोडायला येणाऱ्यांत बहुतेक सुना आणि लेकीच असत, आणि त्या दारातच दहा मिनिटं रेंगाळत. त्यांनाही कुणाशी तरी बोलायचं असे. तिनं आपल्या देखरेख करणाऱ्या बाईंची परवानगी घेऊन शनिवारी त्यांचीच बैठक भरवायला सुरुवात केली. कूस कशी बदलायची, चिडलेल्या माणसाला कसं शांत करायचं, आणि स्वतः कधी थांबायचं. तिसऱ्या बैठकीला दोन मुलगेही आले.

शेवटचा हिवाळा

आजी तिच्या पहिल्या वर्षाच्या शेवटी गेल्या. पण शेवटचे आठ-नऊ महिने घर वेगळं होतं. वडिलांनी न्हाणीघरात स्वतः उभं राहून कठडा बसवून घेतला. रात्रीचा मंद दिवा लावला. रविवारची दुपार आईच्या विश्रांतीची ठरली. त्या वेळी आजींपाशी वडील बसत. पहिल्यांदा त्यांना आपल्याच आईला पाणी पाजता येईना, ठसका लागे. मुलीनं दाखवलं, ‘‘बाबा, आधी तिला नीट बसवा. हनुवटी थोडी खाली. छोटा घोट.’’ तेही शिकले.

आणि पाटल्या? त्या शेवटपर्यंत हरवतच राहिल्या. पण आता सूनबाई म्हणत, ‘‘हो आई, चला, शोधू या आपण.’’ दोघी मिळून कपाट उघडत. आजींचं जुनं इरकली लुगडं हाताला लागे, मग त्यावरून आजींच्या माहेरच्या गोष्टी निघत आणि पाटल्या मागे पडत. आजी गेल्या तेव्हा सूनबाईंच्या मनात राग उरला नव्हता. ‘‘शिकलेली माझी मुलगी, पण सासू मला परत मिळाली,’’ असं त्या आत्यांना म्हणाल्या. आत्यांनी त्यांचा हात धरला आणि पाटल्यांच्या त्या दिवसाबद्दल, इतक्या वर्षांनी, क्षमा मागितली.

नात आता एका संस्थेत नोकरी करते. सूनबाईंच्या शिकवण्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. मध्यंतरी नातीसाठी एक चांगलं स्थळ आलं होतं. मुलाच्या आईंनी तिच्या शिक्षणाची चौकशी केली आणि त्या खूश होऊन म्हणाल्या, ‘‘वा, फारच छान! आमच्याकडे माझ्या सासूबाई आहेत, ८६ वर्षांच्या. म्हणजे आता बाई ठेवायला नको.’’

खोलीत क्षणभर कुणी बोललं नाही. मग मुलीची आई शांतपणे म्हणाल्या, ‘‘आजीबाईंचं ती प्रेमानं करेल, आणि तुमचा मुलगाही करेल. कसं करायचं ते ती सर्वांना शिकवेल. पण तिची पदवी हा तिचा व्यवसाय आहे हो, आंदण नाही.’’

त्या घरून अजून निरोप यायचा आहे. मुलीच्या आईला त्याची घाई नाही.